पुन्हा अंगठा ठेवा म्हटलं की थांबा

सरकारी योजनेचे पैसे जमा झाले की सोलापुरात विडी घरकुल, कुंभारी, अशोक चौक या भागांत पैसे काढून देणाऱ्या दुकानांपुढं बायकांची रांग लागते. आत टेबलावर मुठीत मावेल एवढं यंत्र आणि त्याच्या काचेखाली लाल उजेड. विड्या वळून वळून बोटांची टोकं गुळगुळीत झालेली असतात, त्यामुळे ठसा लागत नाही. दुकानदार म्हणतो, "मावशी, आला नाही ठसा. पुसून पुन्हा ठेवा की." मावशी पदराला अंगठा पुसून पुन्हा ठेवतात. तिसऱ्या खेपेला दीड हजार हातात पडतात आणि त्या घरी जातात.

बहुतेक वेळा यात खोट काही नसते. झिजलेल्या बोटाचा ठसा खरोखरच दोन-तीनदा घ्यावा लागतो. पण अंगठा तीनदा ठेवला आणि पैसे एकदाच मिळाले, तर उरलेल्या दोन खेपांना खात्यात काय झालं हे त्या जागी फक्त पावतीवरून कळतं. आणि पावती कुणी मागत नाही.

हा व्यवहार चालतो कसा, ते आधी बघू. बँकेच्या भाषेत याला 'एईपीएस' म्हणतात. त्याला तीनच गोष्टी लागतात: आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा. पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही, कार्ड लागत नाही. एका वेळी दहा हजारांपर्यंत रक्कम निघू शकते. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला बँकेच्या फेऱ्या न मारता पैसे मिळावेत म्हणून ही सोय मुद्दाम इतकी सोपी ठेवली आहे, आणि हजारो घरांना ती खरंच उपयोगी पडते. पण जे मावशींना सोपं, ते चोरालाही सोपं. काही राज्यांत खरेदीखतांवरच्या अंगठ्यांवरून सिलिकॉनचे ठसे बनवून लोकांची खाती रिकामी केल्याची प्रकरणं पोलिसांनी उघडकीला आणली आहेत. पिन फुटला तर बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही.

दुकानात फसवणूक होते ती दोन-तीन साध्या तऱ्हांनी. पहिल्याच ठशाला पैसे निघालेले असतात, पण "फेल झालं" सांगून दुसरा ठसा घेतला जातो. किंवा "फक्त शिल्लक बघतो" म्हणून ठसा घ्यायचा आणि पडद्यावर पैसे काढायचा पर्याय निवडायचा. तिसरी तऱ्हा सिमकार्डाच्या दुकानातली: ठसा आला नाही म्हणत दोनदा अंगठा घ्यायचा आणि तुमच्या नावावर दोन सिम चालू करायची. एक तुमच्या हातात देतात, दुसरं कुणाच्या तरी गुन्ह्यात वापरलं जातं.

म्हणून प्रत्येक अंगठ्याला एक पावती मागा. व्यवहार फसला तरीही त्याची पावती निघते, आणि ती जास्त महत्त्वाची. पावतीवर चार गोष्टी बघायच्या: व्यवहार कसला (पैसे काढणे की शिल्लक), रक्कम, उरलेली शिल्लक आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. छपाईचं यंत्र बंद आहे असं सांगितलं तर दुकानदाराच्या पडद्याचा फोटो काढून घ्या. प्रामाणिक दुकानदाराला याचा राग येत नाही, उलट उद्या वाद झाला तर त्यालाही तो कागद सोडवतो. घरातल्या मुलानं किंवा सुनेनं आणखी एक काम करावं: आईच्या खात्याला कुठला मोबाईल क्रमांक जोडलेला आहे ते बँकेत जाऊन बघावं. कितीतरी खात्यांना जुना, बंद पडलेला नंबर जोडलेला असतो. पैसे निघाल्याचा मेसेज मग कुणालाच येत नाही आणि चोरी कळते ती पासबुक भरून आणल्यावर.

याहून पक्का उपाय म्हणजे आधारचे ठसे कुलूपबंद करणे. एमआधार ॲपमध्ये किंवा मायआधार संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून आत गेलं की 'बायोमेट्रिक लॉक' असा पर्याय दिसतो. तो चालू केला की तुमच्या बोटाचा, डोळ्याचा किंवा चेहऱ्याचा वापर करून कुणालाही आधार पडताळणी करता येत नाही, खरा अंगठा असला तरी. याला पैसे पडत नाहीत. मात्र इथं एक अडचण आहे आणि ती आधीच माहीत हवी: रेशन दुकानातलं यंत्रही हाच ठसा तपासतं. कुलूप लावून रेशनला गेलात तर ठसा नाकारला जाईल आणि रांगेत उभं राहून परत यावं लागेल. पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याचंही तसंच. जाण्याआधी त्याच ॲपमधून कुलूप थोड्या वेळासाठी उघडता येतं, काम झालं की ते पुन्हा लागतं. ज्या घरात हे करून देणारं कुणी नाही, तिथं कुलपाची सक्ती करू नये, महिन्याचं धान्य अडायचं. त्यांनी पावतीचा नेम पाळावा, आणि एईपीएस वापरतच नसतील तर ती सोय आपल्या खात्यापुरती बंद करता येईल का, हे बँकेत विचारावं.

ओटीपी येण्यासाठी आधारला चालू मोबाईल जोडलेला लागतो. नसेल तर आधार केंद्रात जाऊन जोडून घ्यावा, त्याचं शुल्क ७५ रुपये आहे. आणखी एक गोष्ट फार कमी लोक बघतात: मायआधारवर 'ऑथेंटिकेशन हिस्टरी' असते. मागच्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठल्या संस्थेनं तपासलं याची ती यादी. ज्या दिवशी तुम्ही घराबाहेर पडला नाहीत त्या दिवशी ठशाची नोंद दिसली, तर लगेच कुलूप लावा आणि १९४७ या आधारच्या नंबरवर तक्रार करा.

त्याला सगळं माहीत आहे, म्हणून तो खरा ठरत नाही

फसलेल्या माणसांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं: "त्याला माझं नाव, पत्ता, आधारचे शेवटचे आकडे, सगळं माहीत होतं हो, मला वाटलं बँकेचाच माणूस." या एका समजुतीनं जेवढी माणसं बुडाली तेवढी दुसऱ्या कशानं नसतील. तुमचं नाव, फोन नंबर, जन्मतारीख, गाडीचा नंबर, बँकेचं नाव ही माहिती आता गुपित राहिलेली नाही असंच धरून चाला. सिम घेताना दिली, लॉजवर दिली, कर्ज देणाऱ्या ॲपला दिली, सवलतीच्या कूपनासाठी दुकानात लिहून दिली. ती कुठं कुठं गेली याचा माग आता लागणार नाही.

तुमच्या ताब्यात उरलेल्या गोष्टी थोड्याच आहेत: पिन, ओटीपी, अंगठा, आणि फोनमध्ये कुठल्या ॲपला कशाची परवानगी द्यायची तो निर्णय. फोनवरच्या माणसाची सगळी धडपड या चारांपैकी एक मिळवायची असते. त्यामुळे त्याला काय माहीत आहे याकडे लक्ष देऊ नका. तो काय मागतोय एवढंच ऐका.

हे ध्यानात ठेवलं की वेगवेगळ्या वाटणाऱ्या फसवणुकी एकाच साच्यातल्या दिसायला लागतात. उन्हाळ्यात पारा त्रेचाळीसवर असताना मेसेज येतो की बिल भरलं नाही म्हणून आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या 'अधिकाऱ्या'ला फोन करा. सोलापूरच्या उन्हात पंखा बंद व्हायच्या भीतीनं माणूस फोन करतोच. पुढं दहा रुपये भरायला एक लिंक येते किंवा स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायला सांगतात, म्हणजे तुमच्या पडद्यावर दिसणारा ओटीपी त्याला तिकडं दिसतो. महावितरणचा असा मेसेज दहा आकडी खासगी नंबरावरून येत नाही. शंका असली तर १९१२ ला फोन करून ग्राहक क्रमांक सांगा, थकबाकी आहे का नाही ते तिथं कळतं.

'डिजिटल अरेस्ट'चंही तेच. पोलिसाचा गणवेश घातलेला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अंमली पदार्थ सापडले म्हणतो, कॅमेरा बंद करू देत नाही, घरच्यांना सांगू देत नाही, आणि चौकशी संपेपर्यंत पैसे 'सरकारी खात्यात' ठेवायला सांगतो. भारतातल्या कुठल्याही कायद्यात अशी अटक नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हे स्वतः सांगितलं होतं. यात जास्त करून निवृत्त, एकटी राहणारी, आयुष्यभर कायदा पाळलेली माणसं सापडतात, कारण त्यांना पोलिसाच्या नावाची खरी भीती असते. जुळे सोलापूर, होटगी रोडच्या बंगल्यांत पाठीमागं राहिलेल्या आईवडिलांना पुण्याच्या मुलांनी हे फोनवर एकदा नीट समजावून सांगावं, आणि "असं काही झालं तर फोन कापून आधी मला लाव, कुणी रागावणार नाही" एवढं बजावावं. फसवणारा पहिल्यांदा माणसाला एकटं पाडतो. घरातल्या दुसऱ्या माणसाशी बोलणं झालं की खेळ तिथंच मोडतो.

यूपीआयबद्दल नियम एकच: पिन फक्त पैसे जाण्यासाठी असतो. पैसे येताना पिन कधीच लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. जुना सोफा विकायला टाकल्यावर 'ॲडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करा' म्हणणारा तुमच्याकडून पैसे घेत असतो. एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीकडं पैशाची मागणी पाठवायची यूपीआयमधली सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, ती याच प्रकारामुळे. दुकानदारांच्या नावानं येणाऱ्या मागण्या मात्र अजून चालू आहेत, तेव्हा पिन टाकण्याआधी पडद्यावरचं नाव वाचायची सवय लावून घ्या.

लग्नपत्रिकेची फाईल

आता फोनमधला सर्वांत घातक प्रकार. लग्नसराईत व्हॉट्सॲपवर ओळखीच्या नंबरावरून एक फाईल येते, नाव 'लग्नपत्रिका'. लोक उघडतात, कारण पाठवणारा नात्यातला असतो. त्याचा फोन आधीच हॅक झालेला आहे हे त्यालाही माहीत नसतं. याच धाटणीत 'आरटीओ चलन', 'पीएम किसान यादी', 'बँक केवायसी' अशा नावांच्या फाईलीही फिरतात.

फाईल नीट बघा. खरी पत्रिका फोटो असते, पीडीएफ असते किंवा व्हिडिओ असतो. फाईलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही तीन अक्षरं असतील तर तो कागद नसून ॲप आहे. उघडताना फोन स्वतःच विचारतो की या ठिकाणाहून ॲप घ्यायची परवानगी द्यायची का. पत्रिका बघायला अशी परवानगी लागत नाही. इथं 'नाही' दाबून फाईल पुसली तर काहीही बिघडत नाही. फाईल नुसती आल्यानं किंवा उतरल्यानं पैसे जात नाहीत, ती बसवल्यानं जातात.

बसवली तर पुढं काय होतं? ॲप मेसेज वाचायची, नोटिफिकेशन बघायची आणि 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागतं. ही शेवटची सोय खरी आहे अंध व्यक्तींसाठी: पडद्यावर काय आहे ते वाचणं आणि त्यांच्या वतीनं बटण दाबणं. ती चोराला मिळाली की तो तुमचा पडदा बघतो आणि तुमच्याऐवजी बटणं दाबतो. ओटीपी येतो, ॲप तो वाचून पुढं पाठवतं आणि तुमच्या फोनवरचा मेसेज लपवतं. म्हणून माणसं म्हणतात, "मी कुणालाच ओटीपी सांगितला नाही, तरी पैसे गेले." ती खरं बोलत असतात.

बंदोबस्त दोन मिनिटांचा आहे. ॲन्ड्रॉईड फोनच्या सेटिंगमध्ये 'अननोन ॲप्स' असं शोधा. जी यादी येते त्यात व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाईल मॅनेजर या तिघांपुढची परवानगी बंद करा. प्ले स्टोअरमधलं 'प्ले प्रोटेक्ट' चालू ठेवा, आणि कुणी ते बंद करायला सांगितलं तर तो माणूस कोण हे तिथंच कळलं. ॲक्सेसिबिलिटीच्या यादीतही एकदा डोकावून या. तिथं अनोळखी नाव चालू दिसलं तर ते चांगलं लक्षण नाही.

लिंक वाचायची एक रीत आहे, ती शिकून घेतली की जन्मभर उपयोगी पडते. पत्त्यात पहिली एकेरी तिरकी रेघ कुठं येते ते बघा आणि तिथून डावीकडं वाचा. सरकारी पत्ता असेल तर त्या रेघेच्या लगेच आधी 'डॉट जीओव्ही डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन' असतं. 'लाडकी-बहीण-जीओव्ही डॉट कॉम' अशा पत्त्यात जीओव्ही दिसतं खरं, पण शेवट कॉमचा आहे, म्हणजे ते कुणीही विकत घेतलेलं नाव. गाडीचं चलन आलं म्हणून लिंक आली तर ती दाबूच नका. परिवहन खात्याच्या किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन गाडीचा नंबर टाका. बँकांनाही रिझर्व्ह बँकेनं 'डॉट बँक डॉट इन' हा वेगळा पत्ता घ्यायला लावला आहे, त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत होती. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो.

झेरॉक्सच्या दुकानात राहिलेला कागद

सात रस्ता, पार्क चौक, कोर्टाचा परिसर, कुठंही बघा: झेरॉक्सच्या दुकानात भिंतीवर एक मोबाईल नंबर लिहिलेला असतो. आधार, पॅन त्या नंबरवर व्हॉट्सॲप करायचं, दुकानदार प्रिंट काढून देतो. दहा रुपयांत काम होतं आणि तुमचं आधार त्या संगणकात राहतं. रोजची शंभर माणसं धरली तर वर्षाखेरीस त्या एका संगणकात केवढा साठा झाला असेल! दुकानदार सज्जन असला तरी संगणक बिघडला की तो दुरुस्तीला दुसऱ्याकडं जातोच.

यावर पूर्ण आधार देण्याऐवजी झाकलेलं आधार द्या. मायआधारवरून आधार उतरवताना 'मास्क्ड' असा पर्याय असतो. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले आणि फक्त शेवटचे चार दिसतात. लॉज, भाडेकरार, कुरियर, नोकरीचा अर्ज अशा ठिकाणी ओळख पटवायला तेवढं सहसा पुरतं. ती फाईल उघडायला पासवर्ड लागतो: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढं जन्मवर्ष. पूर्ण झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर पेनानं आडवं लिहा: 'फक्त अमुक कामासाठी', कुणाला दिली, तारीख आणि सही. कोपऱ्यात लिहू नका, कोपरा कापता येतो. अक्षरं फोटोवरून आणि नंबराच्या कडेवरून गेली पाहिजेत, पण कागद वाचता आला पाहिजे, नाहीतर तो परत करतात. आणि प्रिंट हातात आल्यावर दुकानदाराला सांगून फाईल पुसून घ्या. "भाऊ, डाऊनलोडमधून पण काढा" एवढं म्हणायला संकोच कशाला.

खराब आलेली प्रत तिथंच टाकून येऊ नका. फाडून घरी न्या.

कागदांबरोबर खातंही भाड्यानं मागणारे आहेत. एमआयडीसीत काम सुटलेली किंवा कॉलेजात शिकणारी पोरं यात सापडतात: "तुझं पासबुक, एटीएम आणि सिम दे, महिन्याला पाच हजार घे." त्या खात्यावरून दुसऱ्या कुणाच्या तरी चोरीचे पैसे फिरतात. पोलीस माग काढत येतात ते आधी खात्यावर ज्याचं नाव आहे त्याच्या दारात, आणि "मला माहीत नव्हतं" हे तिथं सहज चालत नाही. पोरगं गुन्हेगार नसतं, पण गुन्ह्याच्या कागदात त्याचंच नाव पहिलं लागतं. नोकरीच्या वयात असलेल्या मुलांच्या आईबापांनी हे आवर्जून सांगायला हवं.

स्वस्तातली चादर

सोलापुरी चादरीच्या नावावर फेसबुकवर जाहिराती येतात: तीन चादरी दोनशे रुपयांना, आजच शेवटचा दिवस. ज्यांनी यंत्रमाग बघितलाय त्यांना कळतं की या पैशात सूतही येत नाही. बाहेरगावची माणसं मात्र गावाच्या नावावर विश्वास ठेवून पैसे भरतात, आणि नाव आपलं खराब होतं.

ई-कॉमर्सचे २०२० चे नियम सांगतात की ऑनलाईन विकणाऱ्यानं आपलं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव दाखवलंच पाहिजे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात. पानावर पत्ता नसेल, फक्त व्हॉट्सॲप नंबर असेल आणि पैसे एखाद्या व्यक्तीच्या नावावर जात असतील, तर पुढं जाऊ नका. माल आला पण भलताच, तर पार्सल फोडतानाचा सलग व्हिडिओ कामाला येतो: पत्त्याची चिठ्ठी दिसली पाहिजे आणि मध्ये चित्रण थांबता कामा नये. दाद मागायला १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे. तिथं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं तक्रारीचं शुल्क नाही, वकील लागतोच असंही नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जायचं.

दुकानदारांसाठी एक: गड्ड्याच्या यात्रेत किंवा दिवाळीत नवी पेठेत गर्दी असताना गिऱ्हाईक 'पेमेंट झालं' म्हणून फोन दाखवतं. त्याचा पडदा हा पुरावा नाही, तसा पडदा दाखवणारी खोटी ॲप मिळतात. आपल्या फोनवर किंवा बोलणाऱ्या डब्यावर रक्कम आली तरच माल द्या. आणि दुकान उघडताना आपल्या क्यूआर कोडावर दुसरा चिकटवलेला नाही ना, एवढं बघून घ्या.

पैसे गेलेच तर पहिला तास

पहिला फोन १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला. आधी पोलीस ठाणं, मग वकील, मग बँक अशा क्रमानं लोक दिवस घालवतात आणि तोवर पैसे चार खात्यांतून फिरून एटीएममधून निघतात. १९३० वर तक्रार नोंदली की ज्या बँकेत पैसे गेले तिला ताबडतोब निरोप जातो. पैसे तिथं असतील तर ते अडवले जातात, पुढं गेले असतील तर पुढच्या बँकेला निरोप. ही पैशामागची धावाधाव आहे, म्हणून एकेक मिनिट मोलाचं.

फोन करताना हाताशी ठेवा: तुमचं बँकखातं, गेलेली रक्कम, वेळ, ज्याला गेले त्याचा यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक, आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. यूपीआयमध्ये तो बारा आकडी असतो, ॲपच्या हिस्टरीत तो व्यवहार उघडला की दिसतो. एपीके बसवलं असेल तर आधी तो फोन विमान मोडवर टाका आणि १९३० दुसऱ्या फोनवरून लावा. पासवर्डही दुसऱ्याच फोनवरून बदला. हॅक झालेल्या फोनवर नवा पासवर्ड टाकणं म्हणजे चोराला तो वाचून दाखवणं. फोन लगेच रिसेट करू नका, मेसेज, कॉल आणि त्या फाईलचे फोटो आधी दुसऱ्या फोननं काढून घ्या. मग बँकेला कळवून खातं आणि कार्ड थांबवा. लाईन लागली नाही तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकता येते. मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवा, पुढं सगळीकडं तोच लागतो.

शहरातल्यांसाठी पोलीस आयुक्तालयाचं आणि तालुक्यांतल्यांसाठी ग्रामीण पोलिसांचं अशी सायबर ठाणी वेगळी आहेत. हद्द कुणाची या वादात वेळ घालवायची गरज नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असली तरी गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यावी लागते. दुसऱ्याची ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली आणि दुसरं कुणी असल्याचं भासवून फसवणं हा ६६ ड खाली गुन्हा आहे. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

बँकेकडून काय मिळू शकतं, याची माहिती बऱ्याच जणांना नसते आणि म्हणून ते हक्काचे पैसे सोडून देतात. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तसंच निघालं. तुमचा दोष नाही आणि बँकेचाही नाही, मधल्या कुणीतरी अनधिकृत व्यवहार केला (बनावट अंगठा हे त्याचं उदाहरण), तर बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमचं नुकसान शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त १०,००० आणि मूलभूत (शून्य शिल्लक चालणाऱ्या) बचत खात्यावर ५,००० रुपयांचा भार तुमच्यावर, बाकी बँकेवर. सात दिवसांनंतर त्या बँकेच्या धोरणाप्रमाणे. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेनं रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. मात्र ओटीपी किंवा पिन तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून लाज वाटून दोन दिवस गप्प बसणं सगळ्यात महाग पडतं.

हे सगळं लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर बँकेचा शिक्का व तारीख घ्या. "नुसतं तोंडी सांगितलं" याला पुढं काही किंमत राहत नाही. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, त्यासाठी १४४४८ हा नंबर आहे आणि फी नाही. सोलापुरात मात्र एक फरक लक्षात ठेवावा लागतो: पतसंस्था ही बँक नव्हे. ती सहकार खात्याखाली येते, तिथं लोकपाल चालत नाही आणि ठेवींना पाच लाखांचं विमा संरक्षणही नाही. पतसंस्थेची तक्रार उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं करावी लागते.

नावावर काय काय निघालंय ते बघायला

ओळखीची चोरी पैशाच्या चोरीसारखी लगेच दिसत नाही. तुमच्या पॅनवर कुणी कर्ज घेतलं तर ते कळतं वसुलीवाल्याचा फोन आल्यावर, किंवा मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेल्यावर. म्हणून वर्षातून एकदा, समजा संक्रांतीच्या सुट्टीत, तीन ठिकाणी बघून यावं.

संचारसाथी संकेतस्थळावर मोबाईल नंबर आणि ओटीपी टाकला की तुमच्या नावावरची सगळी सिम दिसतात. जे तुमचं नाही त्यापुढं 'माझा नंबर नाही' निवडा. एका माणसाच्या नावावर महाराष्ट्रात नऊपर्यंतच सिम चालतात. फोन हरवला तर तोही इथूनच बंद करता येतो, त्यासाठी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक लागतो. आजच चांदणी-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून तो बघा आणि घरातल्या वहीत लिहून ठेवा.

दुसरं ठिकाण कर्जाचा अहवाल. सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क या चार संस्था तो ठेवतात, आणि प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळायचा नियम आहे. त्यात गुणांपेक्षा खात्यांची यादी वाचा: न घेतलेलं कर्ज, न मागितलेलं कार्ड, अनोळखी पत्ता. चूक असेल तर त्या संस्थेकडं आणि कर्ज देणाऱ्या कंपनीकडं, दोन्हीकडं लेखी वाद नोंदवा, सोबत पोलीस तक्रारीची प्रत जोडा.

तिसरं, जीएसटीच्या संकेतस्थळावर 'सर्च बाय पॅन' मध्ये आपला पॅन टाकून बघा. कागद चोरून दुसऱ्याच्या नावानं व्यवसाय नोंदवणारे आहेत, आणि विडी वळणाऱ्या बाईच्या नावावर कोट्यवधींची उलाढाल दाखवली गेली तर नोटीस तिच्याच पत्त्यावर येते. आयकराच्या पोर्टलवरचं वार्षिक माहितीपत्रकही यासाठीच वाचायचं: न मिळालेलं उत्पन्न तिथं दिसलं तर तुमचा पॅन दुसरीकडं फिरतोय.

कर्जाच्या अहवालातली चूक तीस दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायला रिझर्व्ह बँकेनं लावलं आहे. त्यासाठी तक्रार नोंदवल्याची तारीख आणि क्रमांक हवा, म्हणून तो पडदा बंद करण्याआधी त्याचा फोटो काढून घ्या.